रेगे महोत्सव कुणाचे? : किंग्स्टनच्या गल्लीपासून बेनिकासिमच्या मैदानापर्यंत एक आढावा

२९ नोव्हेंबर २०१८ रोजी मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईसमध्ये भरलेल्या युनेस्कोच्या समितीने जमैकाच्या रेगे संगीताची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. हे संगीत किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत जन्मलं. ज्या रास्ताफारी समाजाच्या श्रद्धेवर ते पोसलं, त्या समाजाला खुद्द जमैकाच्या सरकारने एकेकाळी तुरुंगात डांबलं होतं. अशा संगीताला मिळालेला हा मान मोठाच.

पण वारसा यादीत नोंदला म्हणून जपला जात नाही. लोक जमतात तिथे तो टिकतो. आज रेगेसाठी सर्वाधिक लोक जमतात ते महोत्सवांत. यांतला एक प्रचंड मेळा, रोटोटॉम सनस्प्लॅश, भरतो तो जमैकापासून हजारो मैलांवर, स्पेनच्या बेनिकासिम या समुद्रकाठच्या गावी. महामारीपूर्वीच्या वर्षांत आठवडाभरातली तिथली एकूण हजेरी दोन लाखांच्या पुढे गेली होती.

इथूनच सगळे प्रश्न सुरू होतात. एका छोट्या बेटावरच्या वस्तीचं संगीत जगाच्या मैदानांवर गेलं, तेव्हा सोबत काय गेलं आणि काय मागे राहिलं? मंचावर कोण उभं राहावं, काय गावं, काय ओढावं, काय बोलावं, हे कुणी ठरवायचं? गेल्या जवळपास पाच दशकांत या प्रश्नांवर निरनिराळ्या भूमिका तयार झाल्या आहेत. त्या शक्य तितक्या त्यांच्याच बाजूने मांडून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

गल्लीतला आवाज, मैदानावरचा मंच

महोत्सवांच्या आधी साउंड सिस्टीम होती. १९५० च्या दशकात किंग्स्टनमध्ये ज्यांना क्लबचं तिकीट परवडत नव्हतं, त्यांच्यासाठी मोकळ्या अंगणात भलेमोठे स्पीकर लागत, रेकॉर्ड वाजत, लोक नाचत आणि दारू-जेवणाच्या विक्रीतून खर्च निघे. 'टॉम द ग्रेट सेबॅस्टियन' ही सुरुवातीची गाजलेली सिस्टीम. पुढे क्लेमेंट 'कॉक्सन' डॉड आणि ड्यूक रीड यांच्यात चुरस लागली. ज्याच्याकडे दुसऱ्याकडे नसलेली रेकॉर्ड, त्याच्याकडे गर्दी. अमेरिकेतून येणारा मनासारखा माल आटला तेव्हा दोघांनी स्थानिक कलावंतांकडून स्वतःच ध्वनिमुद्रणं करून घ्यायला सुरुवात केली. त्यातून आधी स्का, मग रॉकस्टेडी आणि १९६८ च्या सुमारास रेगे आकाराला आलं. किंग टबीने तयार गाणं मिक्सरवर सोलून नुसता ड्रम आणि बेस उरवला, त्याचं डब झालं. यू-रॉयने वाजत्या रेकॉर्डवर लयीत बोलायला सुरुवात केली. तोच वारसा घेऊन न्यूयॉर्कला गेलेल्या किंग्स्टनच्या एका मुलाने, कूल हर्कने, १९७३ मध्ये ब्राँक्समध्ये ज्या पार्ट्या केल्या, त्यांतून हिप-हॉप उगवलं.

ही सारी घडामोड मंच आणि प्रेक्षक असा भेद न मानणाऱ्या जागेत झाली, हे लक्षात ठेवायला हवं. मोठा मंच नंतर आला आणि आला तो राजकारणाच्या धगीत. ३ डिसेंबर १९७६ रोजी बॉब मार्लीच्या घरावर गोळीबार झाला. दोनच दिवसांनी जखमी मार्ली 'स्माइल जमैका' मैफिलीत उभा राहिला. २२ एप्रिल १९७८ च्या 'वन लव्ह पीस कॉन्सर्ट'मध्ये त्याने पंतप्रधान मायकेल मॅन्ली आणि विरोधी नेते एडवर्ड सियागा यांना मंचावर बोलावून त्यांचे हात एकत्र धरले. त्याच वर्षी जूनमध्ये माँटेगो बे शहरातल्या जॅरेट पार्कवर पहिला 'रेगे सनस्प्लॅश' भरला. चार जमैकन तरुणांच्या कंपनीने तो उभा केला. स्थानिक लोक आणि परदेशी पाहुणे एकाच मैदानावर रात्रभर रेगे ऐकतील, ही त्यांची कल्पना. १९७९ मध्ये मार्ली तिथे गायला. ११ मे १९८१ रोजी तो गेला आणि त्या वर्षीचा सनस्प्लॅश त्याच्या स्मृतीला वाहिला गेला. स्टीव्ही वंडरही त्यात गायला. आजच्या रेगे महोत्सवाचा साचा असा तयार झाला : अनेक रात्री, अनेक पिढ्यांचे कलावंत, पहाटेपर्यंत कार्यक्रम आणि पर्यटनाचा आधार.

जमैकातले दोन मार्ग

१९९० च्या दशकात सनस्प्लॅश जागा बदलत, कर्ज आणि स्पर्धेशी झगडत १९९८ नंतर थांबला. पुढे त्याला जिवंत करण्याचे प्रयत्न झाले, पण पूर्वीचं स्थान त्याला परत मिळालं नाही. त्याची जागा घेतली ती दोन अगदी वेगळ्या महोत्सवांनी.

१९९३ मध्ये माँटेगो बेमध्येच 'रेगे समफेस्ट' सुरू झाला. जुलैतला हा आठवडा म्हणजे रस्त्यावरच्या नाचापासून किनाऱ्यावरच्या पार्ट्यांपर्यंत सगळा माहोल आणि शेवटी मुख्य मैफिलींच्या रात्री. इथे डान्सहॉलला, म्हणजे रेगेतून पुढे निघालेल्या नाचाच्या संगीताला, मानाचं पान आहे. सध्या गल्लीत काय वाजतंय ते मंचावर यायला हवं, अशी आयोजकांची भूमिका. परदेशांत स्थायिक झालेले जमैकन त्याच सुमारास घरी येतात, हॉटेलं भरतात, शहराचा महिना निघतो.

१९९४ च्या जानेवारीत गायक टोनी रेबेलने 'रेबेल सॅल्यूट' सुरू केला. तिथे दारू विकली जात नाही, मांस शिजत नाही. रास्ताफारींचं इटल जेवण, म्हणजे शक्यतो बिनमिठाचं, ताज्या भाज्या, कडधान्यं आणि नारळाच्या दुधावरचं अन्न, हा त्या रात्रीचा भागच असतो. मंचावर रूट्स रेगे. शिव्या आणि भडक गाणी वर्ज्य. माणसं मुलाबाळांसह येतात आणि सकाळ होईपर्यंत थांबतात.

समफेस्टच्या बाजूचे लोक म्हणतात, संगीत तरुणांचं असतं. ते आज जे ऐकतात ते बाहेर ठेवून वारसा कसला? रेबेल सॅल्यूटच्या बाजूचे म्हणतात, रेगेमागे एक जीवनदृष्टी आहे आणि ती सांभाळणारी एक तरी रात्र वर्षात असायला हवी. हा मतभेद गेली तीन दशकं चालू आहे. मला त्यात भांडणापेक्षा श्रमविभागणी दिसते. जमैकाला दोन्हींची गरज आहे आणि तिथल्या श्रोत्यांनी दोन्ही चालवले आहेत.

बेटाबाहेरचे मेळे

बेटाबाहेरचे महोत्सव निरनिराळ्या कारणांनी जन्मले. कॅलिफोर्नियाच्या हम्बोल्ट परगण्यात एका गावाचं सामुदायिक सभागृह जळालं आणि ते पुन्हा उभारण्याच्या निधीसाठी १९८४ मध्ये 'रेगे ऑन द रिव्हर' सुरू झाला. जर्मनीतला 'समरजॅम' १९८६ मध्ये ऱ्हाइनकाठच्या लोरेलाय खडकावर भरला आणि १९९६ पासून कोलोनजवळच्या तलावाकाठी भरतो. जपानमध्ये योकोहामाच्या 'मायटी क्राउन' या साउंड सिस्टीमने १९९९ मध्ये न्यूयॉर्कला साउंड सिस्टीमची जागतिक स्पर्धा जिंकली. मायदेशातला त्यांचा रेगे महोत्सव पुढे स्टेडियमपर्यंत पोहोचला. आफ्रिकेत तर रेगे कधी पाहुणं नव्हतंच. एप्रिल १९८०मध्ये झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यात मार्ली गायला. आयव्हरी कोस्टने अल्फा ब्लाँडी आणि टिकेन जा फाकोली यांच्यासारखे स्वतःचे दिग्गज घडवले आणि आबिजानमध्येही रेगेचा महोत्सव भरू लागला.

रोटोटॉम १९९४ मध्ये इटलीच्या फ्रिउली भागात एका क्लबभोवती सुरू झाला, ओसोप्पो गावी वाढला आणि २०१० मध्ये स्पेनला गेला. तो का गेला, ते पुढे गांजाच्या वादात येईल. स्वतःला तो नुसता संगीताचा म्हणवत नाही. संस्कृतीचा मेळा म्हणवतो. हा दावा तपासायचा तर तिथला एक दिवस पाहायला हवा.

मैदानावरचा एक दिवस

बेनिकासिम व्हॅलेन्सिया आणि बार्सिलोना यांच्यामधल्या किनाऱ्यावर आहे. ऑगस्टचं ऊन दुपारी तंबूत थांबू देत नाही, म्हणून माणसं झाडांच्या सावलीत किंवा समुद्रावर असतात. दिवस खऱ्या अर्थाने उन्हं कलल्यावर सुरू होतो. 'रेगे युनिव्हर्सिटी'च्या मांडवात संगीतकार, अभ्यासक आणि पत्रकार समोरासमोर बसतात : कधी डॉडच्या 'स्टुडिओ वन'मधल्या ध्वनिमुद्रणांवर, कधी रास्ताफारींच्या छळावर, कधी स्त्रियांच्या वाट्याला आलेल्या जागेवर बोलणं होतं. 'सोशल फोरम'मध्ये स्थलांतर, शांतता, पर्यावरण यांवर व्याख्यानं. 'आफ्रिकन व्हिलेज'मध्ये ढोल आणि नाचाचे वर्ग. मुलांसाठी आणि किशोरवयीनांसाठी वेगळ्या जागा आहेत. अंधार पडला की मुख्य मंच, आणि मध्यरात्रीनंतर डान्सहॉलचा भाग पहाटेपर्यंत.

यातला सर्वांत जवळून पाहण्यासारखा भाग म्हणजे 'डब अकॅडमी'. तिथे मंच नसतो. हाताने बांधलेल्या प्लायवूडच्या पेट्यांचे उंच ढीग मैदानाच्या कोपऱ्यांत उभे असतात आणि त्यांच्यामध्ये लोक. दिवे मंद. एका टेबलावर बहुधा एकच टर्नटेबल आणि एक प्रीअँप. सिलेक्टर रेकॉर्ड ठेवतो, ऑपरेटर बेस पूर्ण काढून घेतो, वरचा झांजेचा किणकिणाट तेवढा राहतो. सगळं मैदान वाट पाहतं आणि मग बेस परत येतो तो कानाआधी छातीत लागतो. एक रेकॉर्ड संपली की क्षणभर शांतता असते, कारण दुसरं टर्नटेबल नाही. त्या जागेत माइकवरचा माणूस रेकॉर्डचं नाव सांगतो, गाणाऱ्याला मान देतो, दोन शब्द बोलतो. लोकांना फारच आवडली तर सुई उचलून तीच रेकॉर्ड पहिल्यापासून लागते. कुणालाही मंचाकडे बघायचं नसल्यामुळे माणसं पेट्यांकडे किंवा एकमेकांकडे तोंड करून नाचतात. विसर्जन मिरवणुकीत डीजेची भिंत पाहिलेल्या मराठी वाचकाला पेट्या ओळखीच्या वाटतील, पण फरक मोठा आहे : इथे आवाजाची धार घासून काढलेली असते, खालच्या स्वरांची घनता राखलेली असते, आणि ऐकणारा स्वतःहून आलेला असतो.

किंग्स्टनच्या अंगणातली पद्धत कुठल्या मोठ्या महोत्सवात सर्वांत शुद्ध उरली असेल, तर ती या कोपऱ्यात. तरी रोटोटॉमच्या टीकाकारांचं एक म्हणणं विचारात घ्यावं लागतं. ज्ञान, आठवण आणि तंत्र सगळं युरोपातल्या तंबूत जमा होतं, आणि ज्या वस्तीतून ते आलं तिथल्या माणसाला तिथे पोहोचायला व्हिसा लागतो.

पहिला वाद : मालकी कुणाची?

जुलै २०२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात एका छोट्या कार्यक्रमात गोऱ्या वादकांचा बँड रेगे वाजवत होता. काहींनी जटा राखल्या होत्या. काही प्रेक्षकांना ते खटकलं आणि आयोजकांनी मैफल मध्येच थांबवली. कार्यक्रम लहान, वाद युरोपभर. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोत्तम रेगे अल्बमचं ग्रॅमी 'सोजा' या अमेरिकन बँडला मिळालं. स्पर्धेत शॉन पॉल, स्पाइस, एटाना, जेसी रॉयल असे जमैकन होते आणि जमैकात बरीच नाराजी उमटली.

एक बाजू म्हणते : रेगे ही वसाहतवाद, गुलामगिरी आणि दारिद्र्य यांतून आलेली साक्ष आहे. तिचा ताल, पोशाख आणि जटा उचलून दुसऱ्यांनी त्यावर बाजार उभा करायचा आणि मूळ कलावंतांनी मंचावर तिसऱ्या ओळीत यायचं, हा जुन्या लुटीचाच नवा प्रकार.

दुसरी बाजू म्हणते : रेगेचा संदेशच सर्वांसाठी आहे आणि जमैकाने तो कधी कोंडून ठेवला नाही. सिसिलीहून जाऊन जमैकात स्थायिक झालेला अल्बोरोसी तिथल्या स्टुडिओंत वर्षानुवर्षं राबला; जर्मनीचा जेंटलमन जमैकन सहकाऱ्यांबरोबर वाढला. अशांना परके म्हणणं किंग्स्टनच्या संगीतकारांनाच मान्य नाही.

या दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत. 'कुणी गावं?' या प्रश्नाला रेगेच्या परंपरेने 'कुणीही' असंच उत्तर दिलं आहे. 'पैसा आणि मान कुणाकडे जावा?' याचं उत्तर मात्र अजून कुणी नीट दिलेलं नाही.

दुसरा वाद : गाण्यातला द्वेष

१९९२ मध्ये गाजलेल्या बुजू बँटनच्या एका गाण्यात समलिंगी पुरुषांच्या हत्येची भाषा होती. डान्सहॉलमध्ये अशी आणखीही गाणी होती. २००० च्या दशकात ब्रिटनमधल्या 'आउटरेज' या समलिंगी हक्कांच्या संघटनेने आणि तिच्या सहकारी संघटनांनी मोहीम उघडली; युरोप-अमेरिकेत मैफिली रद्द झाल्या. २००७ मध्ये 'रेगे कंपॅशनेट अ‍ॅक्ट' नावाचं प्रतिज्ञापत्र पुढे आलं. अशी गाणी गाणार नाही असं त्यात म्हटलं होतं आणि बीनी मॅन, सिझला, केपल्टन यांची नावं त्यावर होती. पुढे त्या सह्यांवरूनही उलटसुलट विधानं आली.

मोहिमेच्या बाजूचं म्हणणं सरळ होतं : हत्येचं आवाहन हे कलास्वातंत्र्य नव्हे, आणि प्रेमाचा जप करणाऱ्या महोत्सवाने ते मंचावर आणू नये. विरोधी बाजूचं म्हणणं असं की लंडनहून जमैकाला नीती शिकवण्याचा सूर वसाहतीचाच आहे. जमैकाचा समलिंगी संबंधांविरुद्धचा १८६४ चा कायदा ब्रिटिशांनीच दिलेला. आपल्याकडचं ३७७ वं कलम त्याच जातकुळीचं होतं. शिवाय मैफिली रद्द झाल्याने गरीब वादकांचं पोट मारलं जातं आणि मनं आणखी कडवट होतात.

बदल झाला तो दोन्ही बाजूंच्या दबावातून आणि काळाच्या ओघात. २०१९ मध्ये, तुरुंगातून सुटून किंग्स्टनच्या नॅशनल स्टेडियमवर प्रचंड गर्दीपुढे परतलेल्या बुजूने ते गाणं आपल्या संग्रहातून काढून टाकल्याचं आणि ते पुन्हा न गाण्याचं जाहीर केलं. आज युरोपातले मोठे महोत्सव कलावंताशी करार करताना हा मुद्दा आधीच पाहतात. जमैकातला १८६४ चा कायदा मात्र पुस्तकात अजून आहे.

तिसरा वाद : गांजा आणि कायदा

रास्ताफारींसाठी गांजा हा उपासनेचा भाग आहे. महोत्सवाला येणाऱ्या बहुतेकांसाठी तो तसा नाही. सारा गुंता या फरकातला आहे.

गांजा जमैकात कसा आला, यावर फारसा वाद नाही. १८४५ पासून सुमारे ३६ हजार भारतीय गिरमिटिया मजूर जमैकाच्या उसाच्या मळ्यांवर गेले; ही वनस्पती आणि तिचं नाव त्यांच्याबरोबर गेलं. रास्ताफारींच्या जटा आणि चिलीम यांतही हिंदू साधूंची छाया आहे, असं अजय आणि लक्ष्मी मानसिंग या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात मांडलं. पंथाचे आद्य प्रवर्तक लेनर्ड हॉवेल यांनी १९३५ च्या सुमारास 'गंगुनगुरू मराघ' असं नाव घेतलं होतं, हा त्यांचा एक आधार. बॅरी शेव्हान्स यांच्यासारख्या जमैकन अभ्यासकांनी मात्र पंथाची मुळं प्रामुख्याने बेटावरच्या आफ्रिकी धर्मपरंपरांत दाखवली आहेत. हा प्रश्न अजून खुला आहे आणि भारतीय वाचकाने तो आपल्या बाजूने घाईने मिटवू नये.

कायद्याची गोष्ट अधिक कठोर आहे. १९९९ च्या फेब्रुवारीत मॉरिशसचा काया, तिथलं लोकसंगीत सेगा आणि रेगे यांच्या मिलाफातून सेगे घडवणारा गायक, गांजावरची बंदी सैल करण्याच्या मागणीसाठी झालेल्या मैफिलीत गायला. तिथे गांजा ओढल्याबद्दल त्याला अटक झाली आणि तो पोलिस कोठडीत मेला. देश अनेक दिवस दंगलीत पेटला. मराठी, भोजपुरी, तमिळ, तेलुगू पूर्वजांच्या वंशजांबरोबर क्रिओल समाज राहतो तो हा देश. त्या जखमेची खूण तिथे आजही आहे. त्याच देशात एकोणीस वर्षांनी युनेस्कोने रेगेचा मान केला.

इटलीत २००६ च्या कडक अमली पदार्थ कायद्यानंतर रोटोटॉमच्या प्रमुखावर, महोत्सवाच्या जागी नशेला वाव दिल्याचा ठपका आला. महोत्सव देश सोडून स्पेनला गेला. सौम्य आणि तीव्र अमली पदार्थांना एकाच मापाने मोजणारी त्या कायद्यातली तरतूद इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केली. महोत्सव तोवर गेला होता. २०१५ मध्ये खुद्द जमैकाने कायदा बदलला : दोन औंसांपर्यंत गांजा बाळगणं फौजदारी गुन्हा राहिला नाही आणि रास्ताफारींना धार्मिक वापराची मोकळीक मिळाली.

सवलतीच्या बाजूचे लोक काया आणि रोटोटॉमचा दाखला देतात : बंदीने व्यसन थांबलं नाही, माणसं आणि संस्था मोडल्या. सावधगिरीच्या बाजूचे लोक विचारतात, कोवळ्या वयाची मुलं जिथे येतात तिथे धूर सर्रास का असावा, आणि श्रद्धेच्या नावावर मौज खपवून रास्ताफारींचा मान वाढतो की घटतो? दुसरा प्रश्न अनेक रास्ताफारी स्वतःच विचारतात.

चौथा वाद : मंच आणि राजकारण

२०१५ मध्ये रोटोटॉमने अमेरिकन ज्यू गायक मॅटिसयाहूचं निमंत्रण रद्द केलं. इस्रायलवरच्या बहिष्काराच्या चळवळीतल्या स्थानिक गटाच्या दबावाखाली आयोजकांनी त्याच्याकडे पॅलेस्टिनी राष्ट्राबद्दल जाहीर भूमिका मागितली होती आणि त्याने ती दिली नव्हती. जगभरातून टीका झाली. एका ज्यू कलावंतालाच अशी कसोटी का, हा मुख्य आक्षेप. आयोजकांनी माफी मागितली, निमंत्रण परत दिलं आणि २२ ऑगस्टला तो गायला. बहिष्काराच्या बाजूचं म्हणणं असं होतं की अन्यायाविरुद्ध उभं राहणं ही रेगेची ओळख असेल, तर त्याच्या मंचाला तटस्थ राहता येत नाही.

तटस्थता रेगेला कधी जमलीही नाही. १९७८ च्या शांतता मैफिलीत गायक पीटर टॉशने समोर बसलेल्या नेत्यांना गरिबांच्या हक्कांवरून सुनावलं. मात्र तीच मैफल मंचाची मर्यादाही दाखवते. हात जोडून धरले गेले, तरी शांततेसाठी झटलेले दोन्ही बाजूंचे वस्तीनेते पुढच्या दोन-तीन वर्षांत मारले गेले आणि १९८० च्या निवडणूक-वर्षात जमैकात सुमारे ८०० माणसांचा बळी गेला. मंच प्रश्न उघड करतो. तो सोडवण्याची ताकद त्याच्यात नसते.

गोव्याची वाळू, दिल्लीची पेटी

भारतात रेगे आधी कॅसेटने आलं, मग बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थमध्ये वाढलेल्या अपाची इंडियनने १९९० च्या दशकात ते घरोघरी नेलं. मुंबईत 'बॉम्बे बॅसमेंट'सारख्या बँडने रेगेचा बेस क्लबांत आणला. २००९ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या 'रेगे राजाज'नी २०१६ मध्ये 'गोवा सनस्प्लॅश' सुरू केला. जानेवारीत, किनाऱ्यालगत, परदेशी साउंड सिस्टीमच्या जोडीला भारतीय सिलेक्टर असा त्याचा घाट. त्याच सुमारास तरु दालमिया यांनी लोकवर्गणीतून 'बीएफआर साउंड सिस्टीम' उभी केली. ती पेटी विद्यार्थ्यांमध्ये आणि आंदोलनांच्या जागी न्यायची, ही त्यांची कल्पना.

किंग्स्टनमधले दोन मार्ग इथे वेगळ्या रूपात दिसतात. एक बाजू म्हणते, भारतात रेगेला श्रोताच घडवायचा आहे, म्हणून पर्यटनाच्या आधाराने का होईना महोत्सव टिकायला हवा. दुसरी म्हणते, ज्या संगीताचा जन्म वस्तीत झाला ते इथे फक्त तिकीट परवडणाऱ्यांपुरतं राहिलं, तर नाव उरेल, गाभा जाईल. या दोघांच्याही डोक्यावर ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम आहेत : उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, सवलतीचे मोजके दिवस सोडून. किनाऱ्यावरच्या ग्रामस्थांना झोप हवी, हा त्यांचा हक्क आहे. पहाटेपर्यंत चालणं ज्याच्या स्वभावात आहे त्या मेळ्याने दुपार आणि संध्याकाळ कशी वापरायची, हे गोव्यात शिकावं लागतं. माझ्या मते ही अडचण कमी आणि संधी जास्त आहे. रोटोटॉमची खरी कमाईसुद्धा सूर्य मावळण्याआधीची आहे.

काय उरलं आहे

पहिला न सुटलेला प्रश्न प्रवासाचा. जमैकन नागरिकाला युरोपातल्या शेंगेन देशांसाठी व्हिसा लागतो. ब्रिटनने २००३ पासून तो सक्तीचा केला. मोठ्या नावांचं काम होतं. तरुण कलावंत, ढोलवादक, साउंड सिस्टीमचे तंत्रज्ञ अडकतात. 'जमैकन संस्कृतीचा मेळा' असं म्हणणाऱ्या महोत्सवांनी याचा भार किती उचलायचा, यावर एकमत नाही.

दुसरा प्रश्न स्त्रियांचा. मार्शिया ग्रिफिथ्स, ज्युडी मोवॅट, सिस्टर नॅन्सी यांनी हे संगीत घडवलं, तरी रेगे अल्बमचं ग्रॅमी पहिल्यांदा एका स्त्रीला, कॉफीला, मिळालं ते २०२० मध्ये. लीला आयके, जा नाइन अशी नवी नावं पुढे येत आहेत. शेवटच्या, मानाच्या वेळा अजून बहुतेक पुरुषांकडेच असतात.

तिसरा प्रश्न कानाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मैफिलींच्या जागांसाठी सुरक्षित ऐकण्याचा मानदंड दिला : पंधरा मिनिटांच्या सरासरीने कमाल १०० डेसिबल. बेस अंगावर घेण्याची परंपरा आणि ही मर्यादा यांचा मेळ कसा घालायचा, याचं काम आत्ता कुठे सुरू होत आहे.

चौथा प्रश्न स्मृतीचा. १९६३ च्या कोरल गार्डन्स प्रकरणात रास्ताफारींवर झालेल्या अत्याचारांबद्दल जमैकाच्या पंतप्रधानांनी २०१७ मध्ये माफी मागितली. ज्यांच्या श्रद्धेचे रंग प्रत्येक मैदानावर झेंड्यांतून फडकतात, त्यांचा हा इतिहास किती महोत्सव आपल्या पाहुण्यांना सांगतात?

हे सगळं समोर ठेवून माझा निष्कर्ष असा : मोठ्या महोत्सवाने रेगेची हानी केली, हे म्हणणं टिकत नाही. सनस्प्लॅश नसता तर हे संगीत इतकं दूर गेलं नसतं, आणि रोटोटॉम नसता तर त्याबद्दल इतकी गंभीर चर्चा झाली नसती. पण महोत्सवाची कसोटी शेवटच्या रात्रीच्या मोठ्या नावावर लावू नये. दिवसा तिथे काय शिकवलं जातं, जमैकातले आणि आफ्रिकेतले किती नवे कलावंत बोलावले जातात आणि त्यांना काय मोबदला मिळतो, यावर ती लावावी.

वाचकांपैकी कुणी गोव्याला, बेनिकासिमला किंवा माँटेगो बेला जाणार असेल, तर एवढीच विनंती : दुपारची व्याख्यानं चुकवू नका, कानात बोळे घालून पेट्यांसमोर एक पूर्ण रात्र काढा, ज्याचं गाणं आवडलं त्याची रेकॉर्ड विकत घ्या, आणि आयोजकांना विचारा की या मंचावर किंग्स्टनहून कोण आलं आहे. हा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला, तर त्याचं उत्तर द्यावंच लागेल.